आयर्विनच्या फुटांवर चालणारे सभागृह

सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या दुमजली इमारतीतले एक छोटे सभागृह मी २०१४ पासून भाड्याने घेत आलो आहे; आधी आमच्या हौशी संघाच्या तालमींसाठी, नंतर मुलांच्या उन्हाळी नाट्यशिबिरासाठी आणि अलीकडे महिन्यातून एकदा होणाऱ्या अभिवाचनासाठी. त्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. मला काही तक्रारी मांडायच्या आहेत, आणि त्या चार वयस्कर विश्वस्तांच्या दारात नेऊन टाकाव्यात असे मला वाटत नाही. अडचणीच्या काळात अशी जागा कशी चालवावी, या प्रश्नाच्या अंगाने त्या वाचल्या जाव्यात एवढीच अपेक्षा आहे.

या गावाला नाटकाचे वेड जुने आहे. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला तो इथेच, आणि ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळला जातो तो त्याच प्रयोगाच्या आठवणीने. नाट्यपंढरी हे बिरुद आम्ही वर्षभर मिरवतो, पण जुलै उजाडला की नाटकाच्या गप्पा मागे पडतात आणि जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, “आयर्विनला किती झाले?” कृष्णेवरच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजली जाते, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. वर कोयना धरणातून किती सोडले, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती चालले आहे, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतात आणि अलमट्टीच्या उंचीवरून कट्ट्यावर होणारे वाद तर राज्य नाट्य स्पर्धेच्या निकालावरच्या वादांपेक्षाही कडवे असतात.

सभागृहाच्या दारातून आत शिरताच डाव्या हाताच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने ओढलेल्या तीन आडव्या रेघा दिसतात. सर्वांत खालची २००५ ची, ती माझ्या गुडघ्याच्या जरा वर येते. मधली २०२१ ची, कमरेशी. सर्वांत वरची २०१९ ची, आणि तिच्याखाली उभे राहिले तर माझे डोके बरोबर तिला टेकते. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. या रेघांच्या शेजारी एक पत्र्याचा फलक आहे आणि माझ्या मते या सभागृहाची सर्वांत मोलाची वस्तू तो फलकच आहे. त्यावर लिहिले आहे: ३० फूट, तळमजल्यावरील सर्व सामान वर, ३५ फूट, वाद्ये व कागदपत्रे विश्रामबागेत, ४० फूट, सर्व आरक्षणे रद्द, भाडे पूर्ण परत, ४५ फूट, मेन स्विच बंद, किल्ल्या बाहेर. विश्रामबाग हा नदीपासून दूरचा, उंचावरचा भाग. ‘किल्ल्या बाहेर’ याचा अर्थ असा की सभागृहाच्या तीन किल्ल्या उंचावरच्या भागात राहणाऱ्या तीन ठरलेल्या माणसांकडे जातात आणि पाणी उतरल्यावर त्यांपैकी जो आधी पोहोचेल त्याने कोणाची परवानगी न घेता दार उघडायचे असते. मी बरीच सभागृहे पाहिली आहेत. आग लागल्यावर काय करावे हे सांगणारे छापील फलक सगळीकडे असतात, पण कोणत्या आकड्याला आपण स्वतःहून कार्यक्रम थांबवू हे आधीच जाहीर करून ठेवणारी जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

आता प्रत्यक्ष जागेविषयी. मुख्य दालन २०१९ पर्यंत तळमजल्यावर होते, ते आता पहिल्या मजल्यावर आहे. साधारण चाळीस फूट लांब आणि अठ्ठावीस फूट रुंद असलेल्या या दालनात एकही खुर्ची जमिनीला खिळलेली नाही आणि कायमचा रंगमंचही नाही. एकावर एक रचता येणाऱ्या १४० प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्या दिसायला अगदीच लग्नाच्या मांडवातल्यासारख्या आहेत आणि दोन तासांनंतर पाठीला बोलू लागतात. मंच हवा असेल तर लेव्हल जोडायच्या. सहा फूट बाय तीन फुटांच्या, लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड ठोकलेल्या अशा अठ्ठावीस लेव्हल आहेत आणि त्यांचे पाय नटबोल्टने निघतात. पाय काढून त्या भिंतीला टेकवल्या की दालन पूर्ण मोकळे होते. एक फुटाचे पाय लावले की मंच होतो. अडीच फुटांचे लावले की टेबल. समोरासमोर प्रेक्षक बसवून मधल्या पट्ट्यात नाटक करा, तिन्ही बाजूंनी बसवा, किंवा मंच न करता सतरंजीवर वाचन करा, पाऊण तासात दोन माणसे मांडणी बदलून देतात. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली तिच्याविषयी ऐकत आमची पिढी वाढली. दिवसा शाळा आणि संध्याकाळी नाटक असे दुहेरी आयुष्य एका खोलीला जगता येते, हे आम्ही तिथून शिकलो. इथे मात्र त्या लेव्हलना नाटकाच्या बाहेरचीही बरीच कामे करावी लागली.

पहिले काम ऑगस्ट २०१९ चे. पाणी उतरून गाळ उपसून झाला तेव्हा सभागृहात नाटक करण्यासारखे काहीच उरले नव्हते. जुन्या लोखंडी घडीच्या खुर्च्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या, पडद्यांना कुबट वास होता, पेटीचा भाता फुगून फाटला होता आणि तंबोऱ्याचा भोपळा इतका मऊ पडला होता की मिरजेच्या कारागिराने तो हातात घेऊन नुसती मान हलवली. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला पहिल्यांदा तो भोपळा आठवला.) पण दिव्यांचे बार अकरा फुटांवर होते आणि त्यांना पाणी लागले नव्हते. सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्या काकींनी, ज्यांना आम्ही वयाने मोठे झालेले लोकही काकीच म्हणतो, आपल्या घरातले भिजलेले कागद वाळत घालण्यासाठी त्या बारला दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी मुलीचा दहावीचा दाखला आणला. तिसऱ्या दिवशी सात दोऱ्या झाल्या. रेशनकार्डे, सातबारे, बँकेची पासबुके, जातीचे दाखले, दवाखान्याच्या फायली, आणि एका कोपऱ्यात तीन लग्नांचे अल्बम, पान पान सोडवून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेले. खाली लेव्हल मांडून त्यांवर वर्तमानपत्रे अंथरली होती आणि पानांमध्ये टीपकागद घालण्याचे काम आमच्या संघातली मुले करत होती. पंख्याच्या वाऱ्याने ते सगळे कागद हलत असत आणि त्यांचा एक बारीक, सतत येणारा आवाज दालनात भरून राहिलेला असे. त्या पंधरा दिवसांत तिथे जितकी माणसे आली तितकी कोणत्याही प्रयोगाला आलेली मी पाहिली नाहीत.

त्या पुरानंतर विश्वस्तांनी दोन निर्णय घेतले. पहिला म्हणजे सभागृह वरच्या मजल्यावर नेणे. दुसरा निर्णय नवा नव्हता, जुना होता तो टिकवला: २००५ नंतर प्रत्येक भाड्यातले दहा टक्के पूरनिधी म्हणून वेगळ्या खात्यात टाकण्याची पद्धत सुरू झाली होती आणि नूतनीकरणासाठी ते खाते पूर्ण रिकामे करावे असा आग्रह असतानाही त्यातली तिसरा हिस्सा रक्कम त्यांनी मागे ठेवली. तेव्हा आम्ही भाडेकरूंनी त्यावर नाराजी दाखवली होती. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा नवीन डिमर घेता आला असता, असे माझेच म्हणणे होते. सहा महिन्यांनी मला ते शब्द परत घ्यावे लागले.

मार्च २०२० मध्ये सांगलीत मोठी लगबग होती. डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन त्या महिन्याच्या अखेरीस सांगलीतून सुरू व्हायचे होते. आमच्या सभागृहानेही त्या निमित्ताने एकांकिकांचे तीन दिवस ठरवले होते आणि भिंतींना काळा रंग नुकताच दिला होता. त्यानंतर करोना आला, इस्लामपुरात एकाच कुटुंबातले रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि संमेलन पुढे गेले. ते अखेर जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला भरले. काळा रंग दिलेले आमचे दालन तसेच कुलूपबंद राहिले.

इथे या सभागृहाची मर्यादा प्रथम दिसली आणि परीक्षण लिहायचे तर ती लपवून चालणार नाही. पुरात काय करायचे हे या जागेला आता अंगवळणी पडले होते: दार उघडायचे, माणसे आत घ्यायची, चहा टाकायचा. साथीने नेमके उलटे मागितले. दार लावायचे, माणसे घरी ठेवायची, कोणी आलाच तर हात जोडून परत पाठवायचे. सगळी शिकवणच उलटी पडल्यामुळे पहिले दोन महिने सभागृहाला काहीही सुचले नाही. दारावर ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’ अशी चिठ्ठी होती, फोन उचलला जात नव्हता आणि आमच्या शिबिराचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळायला जुलै उजाडला. फलकावर पाण्याच्या चार पातळ्या होत्या, रोगाची एकही नव्हती. त्याच वर्षी मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. तेवढे मनुष्यबळ आणि तेवढी ओळख असलेल्या मंडळाला जे जमते ते दोन नोकर आणि चार विश्वस्तांच्या जागेकडून अपेक्षिता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही साधा फोन उचलणे जमायला हवे होते.

दोन महिन्यांनी जी वाट सापडली ती आरक्षणाच्या वहीतून. सभागृहाची सगळी नोंद एका लांब, लाल कापडी पाठीच्या वहीत होते. त्यात भाडेकरूंबरोबरच वार्षिक सभासदांचे आणि तळमजल्यावरील छोट्या ग्रंथालयाच्या वाचकांचे फोन नंबर लिहिलेले असतात. काकींनी ती वही घरी नेली आणि रोज दुपारी वीस जणांना फोन करायला सुरुवात केली. सुरुवातीला फक्त खुशाली. मग एका एकट्या राहणाऱ्या आजोबांनी सांगितले की डोळ्यांनी वाचवत नाही, आणि काकींनी आमच्या संघातल्या एका मुलीला त्यांना फोनवरून गोष्ट वाचून दाखवायला सांगितले. सप्टेंबरपर्यंत अशी अकरा घरे झाली होती आणि वाचणारे सात. मी स्वतः दर मंगळवारी आणि शुक्रवारी एका निवृत्त शिक्षिकेला वाचून दाखवत असे. त्या मधेच थांबवून माझे उच्चार सुधारत. ग्रंथालयाची पुस्तके घरपोच देण्याचे काम मामांनी सायकलवरून केले. परत आलेली पुस्तके तीन दिवस एका पत्र्याच्या ट्रंकेत बंद ठेवून मगच ती फळीवर जात. मामा हे सभागृहाचे शिपाई, रंगमंच-व्यवस्थापक आणि इलेक्ट्रिशियन असे सर्व काही आहेत. या काळात मामा आणि काकी यांचा पगार त्या मागे ठेवलेल्या पूरनिधीतून निघाला, पाच महिने पूर्ण आणि पुढे निम्मा. पुरासाठी साठवलेल्या पैशाने साथीत दोन घरे चालवली, आणि माझा डिमर राहिला हे चांगलेच झाले.

ऑनलाइन प्रयोगांविषयी मला फार लिहायचे नाही. फोन तिपाईवर लावून दोन नाटके दाखवली गेली. एका स्वगताच्या ऐन मध्यावर कुकरची शिट्टी ऐकू आली आणि ती नटाच्या घरातली होती की एखाद्या प्रेक्षकाच्या, हे शेवटपर्यंत कळले नाही. तो नाद सभागृहाने लवकर सोडला, हे शहाणपणाचे झाले.

राज्य सरकारने निम्म्या क्षमतेने नाट्यगृहे उघडायला परवानगी दिली ती नेमकी ५ नोव्हेंबर २०२० पासून, रंगभूमी दिनी. त्या संध्याकाळी इथे नटराजपूजन झाले. हिशेबाने ७० माणसे बसवता आली असती, पण खुर्च्या खिळलेल्या नसल्याचा फायदा घेऊन मामांनी खडूने जमिनीवर फुल्या काढल्या आणि अंतर राखून ३६ खुर्च्याच मांडल्या. आले १९ जण. खिडक्या सताड उघड्या होत्या, बाहेरच्या रस्त्यावरून भाजीवाल्याचा आवाज येत होता आणि मास्क लावलेले एकोणीस चेहरे कशावर हसत आहेत हे नटांना फक्त डोळ्यांवरून ओळखावे लागत होते. ज्या नाट्यगृहांत पाचशे-हजार खुर्च्या रांगेने बसवलेल्या आहेत तिथे निम्म्या जागा पट्ट्या चिकटवून बंद कराव्या लागल्या आणि उरलेली सभागृहे भकास दिसली. इथे एकोणीस माणसांचीही सभा भरलेली वाटली.

सर्वांत अवघड परीक्षा जुलै २०२१ ची होती, कारण तेव्हा दोन्ही संकटे एकदम आली. दुसऱ्या लाटेमुळे एप्रिलपासून नाट्यगृहे पुन्हा बंद होती, ती थेट २२ ऑक्टोबरला उघडायची होती. आणि त्यात कृष्णेचे पाणी दोन दिवसांत इतक्या वेगाने चढले की ते ५५ फुटांच्या आसपास जाऊन थांबले. माझी तक्रार या दिवसांतली आहे. आमच्या संघाचे नेपथ्य, म्हणजे सहा फ्लॅट (भिंती दाखवणाऱ्या उभ्या चौकटी), दोन दरवाजे आणि एक बऱ्यापैकी देखणा झोपाळा, तळमजल्यावर पडून होते. फलकाप्रमाणे ३० फुटांना ते वर जायला हवे होते. मामा एकटे होते, त्यांनी आधी ग्रंथालय वर नेले, मग वाद्ये विश्रामबागेत पोचवली, आणि आमच्या फ्लॅटपर्यंत पोहोचण्याआधी रस्त्यावर पाणी आले. आम्हाला कोणी फोन केला नाही. नंतर मी रागाने विचारले तेव्हा मामा एवढेच म्हणाले, “साहेब, बोर्डावर ‘सामान वर’ असं लिहिलंय, पण कुणी न्यायचं ते कुठं लिहिलंय?” ते बरोबर होते. आता फलकाच्या खाली दरवर्षी जून महिन्यात एक कागद चिकटवला जातो. त्यावर प्रत्येक पातळीला कोण काय उचलेल त्याची नावे असतात आणि तळमजल्यावर सामान ठेवणाऱ्या प्रत्येक संघाने दोन माणसांची नावे दिल्याशिवाय सामान ठेवून घेतले जात नाही. झोपाळ्याची भरपाई मात्र मिळाली नाही, आणि ती मागावी की नाही यावर आमच्या संघातच एकमत झाले नाही.

पाणी उतरल्यावर नदीकाठच्या वस्तीतल्या नऊ कुटुंबांना घरातला गाळ निघेपर्यंत वरच्या दालनात राहू देण्याचा निर्णय झाला. या वेळी साथीचे भान होते. अठ्ठावीस लेव्हलना एक फुटाचे पाय लावून त्यांचे पलंग केले, नाटकाचे काळे पडदे बारवरून सोडून नऊ खोल्या पाडल्या, खिडक्यांच्या बाजूला वृद्धांना जागा दिली आणि दारात रोज सकाळी तापमान व ऑक्सिजन पाहण्याचे काम आमच्यातल्या एका परिचारिकेने केले. मी तिथे गेलो तेव्हा एका ‘खोलीत’ एक आजी पडदा बाजूला सारून मला म्हणाल्या की पडदा जाड आहे, उजेड लागत नाही, झोप चांगली लागते. त्या पडद्यांचा इतका मनापासून गौरव आमच्या कोणत्याही प्रकाशयोजनाकाराने केलेला नाही.

या निर्णयावर सभासदांत वाद झाला, आणि तो क्षुल्लक नव्हता. सांस्कृतिक संस्थेची धर्मशाळा करू नये, भिंतींचा नवा रंग खराब होईल, एकदा पायंडा पडला की दरवर्षी लोक येतील, असे म्हणणारे लोक वाईट नव्हते. त्यांपैकी दोघांनी दिव्यांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे दिलेले होते. विश्वस्तांनी मुदत ठरवून दिली, पंधरा दिवस, आणि ती पाळली गेली. रंग खराब झालाच. मला खटकते ते निराळेच. त्या नऊ कुटुंबांत शाळकरी मुले पुष्कळ होती, आणि पुढच्या उन्हाळी शिबिराला त्यांतली दोनच आली. शिबिराची फी मीच १,२०० रुपये ठेवली होती. सभागृहाने भाड्यात सवलत देऊ केली असती आणि मी ती मागितली असती तर चित्र बदलले असते. आम्ही दोघांनीही ते केले नाही.

सभागृह वर नेण्याची किंमत काय पडली हे आता सांगायला हवे, कारण या जागेविषयीचा माझा सर्वांत मोठा आक्षेप तोच आहे. वर जायला चोवीस पायऱ्या आहेत. जिना अरुंद आहे, मधे वळण आहे, कठडा एकाच बाजूला आहे आणि लिफ्ट नाही. या सभागृहाचा निष्ठावान प्रेक्षक साठीच्या पुढचा आहे. पुरापासून सभागृह वाचवताना आपण नेमक्या त्याच प्रेक्षकाला खाली रस्त्यावर उभे केले. मी ज्यांना फोनवरून वाचून दाखवत होतो त्या बाई साथ ओसरल्यावर मोठ्या हौसेने अभिवाचनाला आल्या, बाराव्या पायरीवरच्या वळणापाशी बसल्या आणि तिथूनच परत गेल्या. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचा तर प्रश्नच येत नाही. विश्वस्तांचे म्हणणे असे की लिफ्टचे यंत्र खालीच बसणार आणि पहिल्याच पुरात जाणार. यंत्र वरच्या बाजूला बसवलेल्या लिफ्ट मिळतात, त्या महाग असतात एवढेच. सध्याचा तोडगा असा आहे की डिसेंबर ते मे या काळात महिन्यातला एक कार्यक्रम तळमजल्यावर होतो. तिथे भिंतींना टाइल्स लावल्या आहेत, विजेची बटणे सात फुटांवर आहेत आणि फर्निचर काहीच नाही. तोडगा वाईट नाही, पण महिन्यातून एकच दिवस खालच्या प्रेक्षकाचा, हे प्रमाण मला पटत नाही. निदान तीन दिवस तरी हवेत.

दुसरा आक्षेप पत्र्याचा. वरच्या मजल्यावर स्लॅब नाही, पत्र्याखाली लाकडी तक्तपोशी आहे, आणि जोराचा पाऊस लागला की तिसऱ्या रांगेत नटाचा आवाज पोहोचत नाही. आम्ही एकदा पावसात प्रयोग दहा मिनिटे थांबवला आणि प्रेक्षकांत भडंग वाटले. त्या प्रयोगाची आठवण लोक अजून काढतात, नाटकाची काढत नाहीत. स्वच्छतागृह एकच आहे, तेही खाली. वाहने लावायला जागा नाही. आरक्षण फोनवर किंवा समक्ष. ऑनलाइन काही नाही, आणि काकी आजारी पडल्या तर सगळेच अडते. विश्वस्त मंडळात एकही बाई नाही, आणि सगळा कारभार मात्र एक बाई पाहते, हे मी त्यांच्या तोंडावर दोनदा बोललो आहे.

दर विचाराल तर तालमीला तासाला २०० रुपये, तिकीट लावून केलेल्या प्रयोगाला ३,००० रुपये आणि बिनतिकीट वाचन किंवा व्याख्यानाला १,००० रुपये पडतात. शाळांना निम्मा दर आहे. त्यातले दहा टक्के अजूनही वेगळ्या खात्यात जातात. पावतीवर ती रक्कम स्वतंत्र दाखवलेली असते, मात्र खात्याचे नाव बदलून आता ‘अडचण निधी’ केले आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले त्यानंतर फलकावर आगीची एक ओळ वाढली आणि जिन्याखालचा जुना पडद्यांचा ढीग एकदाचा हलला. शाहू महाराजांच्या काळातले ते देखणे नाट्यगृह जाताना पाहून आमच्या विश्वस्तांना आपल्या जुन्या वायरिंगची पहिल्यांदा भीती वाटली असावी. वायरिंग बदलले का, हे विचारणे भाग होते. मी विचारले तेव्हा “निम्मे झाले” असे उत्तर मिळाले.

ज्यांना झगमगीत मंच, गुबगुबीत खुर्च्या आणि वातानुकूलन हवे आहे त्यांनी इथे येऊ नये. शंभराच्या आत प्रेक्षक असलेले नाटक, वाचन, गाण्याची बैठक किंवा मुलांचे शिबिर करायचे असेल तर सांगलीत मी तरी हीच जागा सुचवेन. फक्त पाहुण्यांत कोणी गुडघ्याचे दुखणे असलेले असेल तर तळमजल्याचा दिवस मागून घ्या, आणि पावसाळ्यात येणार असाल तर काकींशी बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या वर्षभराची आरक्षणे निळ्या शाईने लिहितात, पण जुलै आणि ऑगस्टची पाने पेन्सिलीने. यंदाच्या ऑगस्टमधला तिसरा शनिवार मी अभिवाचनासाठी मागितला. काकींनी चष्मा पुसला, आदल्या दिवशीचा आयर्विनचा आकडा विचारला, माझे नाव पेन्सिलीने लिहिले आणि खोडरबर वहीतच ठेवून वही मिटली.